आहेराचा आकडा

‘शेळगावच्या पाव्हण्यांकडून गेमचा बॉक्स, एक,’ असं माईकवरून तिसऱ्यांदा पुकारलं गेलं, तेव्हा सुकन्याच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटायला लागल्या होत्या. पहिल्यांदा पुकारलं तेव्हा तिला गंमत वाटली. दुसऱ्यांदा तिनं मान वळवून बघितलं. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी चुकलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन आधीच लागावी, तसं. इंदापुरातल्या त्या कार्यालयाचा पत्रा वैशाखाच्या उन्हानं तापला होता, पंखे गरम हवाच ढवळत होते, मोगऱ्याचा आणि मठ्ठ्यातल्या कोथिंबिरीचा वास एकमेकांत गेला होता. साडेबाराचा मुहूर्त टळून गेला होता, नवरदेव अजून मारुतीच्या पाराहून हलला नव्हता, आणि तोवर माणसं बसवून ठेवायला माईकवाला आहेर पुकारत होता. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं होतं, म्हणजे आहेर भरपूर आला होता. मिक्सर, एक. तांब्याचा हंडा, एक. आणि मग पिंपळीच्या कुणाकडून तरी, गेमचा बॉक्स, एक. चार, असं तिच्या मनानं तिला न विचारता म्हटलं. चुलत बहिणीचं, छकुलीचं लग्न होतं, पुढच्या रांगेत आई, प्रयागबाई, नव्या लुगड्यात ताठ बसली होती, आणि इथं ती मागं बसून बॉक्स मोजत होती. मोजणं तिच्या अंगात भिनलं होतं. पाचवा पुकारला गेला तेव्हा तिनं डोळे मिटले.

बारामतीत एका वितरकाच्या ऑफिसात ती सात वर्षं होती. टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र. ऑफिसात त्याला कन्सोल म्हणायचे, बाहेर सगळेच गेमचा बॉक्स. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ते किती विकले गेले, तो आकडा दर एक तारखेला पुण्याला कंपनीच्या मुख्य ऑफिसला कळवणं हे तिचं काम. पहिली काही वर्षं आकडा लाजरा होता. महिन्याला दोन, कधी तीन, एखाद्या महिन्यात एकही नाही. मग गेल्या दिवाळीत ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीनं चारशे बॉक्स एकदम उचलले. एक एकराच्या वर ठिबक घेईल त्याला बॉक्स फुकट. डाळिंबवाले, ऊसवाले, ढोबळी मिरचीवाले आले आणि नळ्यांच्या वेटोळ्यांवर बॉक्स ठेवून ट्रॅक्टरनं घरी गेले. हे चारशे कुठं दाखवायचे, फुकट वाटले म्हणून वेगळे लिहायचे का, असं तिनं रणजितसरांना विचारलं होतं. रणजितसर दोन तालुक्यांचे प्रमुख, आवाज कधी न चढवणारा माणूस. ते म्हणाले, बिल झालंय ना, मग ती विक्री. पुढं कुणी कुणाला का दिलं हे आपल्याला कुणी विचारलंय का. आणि खरंच कुणी विचारलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या फॉर्मात रकाना एकच होता. त्या एका रकान्याला टेकून ती नंतर कितीतरी दिवस निवांत बसली होती, भिंतीला टेकावं तशी. आणि आज कळत होतं की पाठीला भिंत लागत होती खरी, पण ती भिंत कुणी बांधली हे तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं.

मग लग्नसराई लागली. तुळशीचं लग्न झालं आणि आठवड्याभरात एक म्हातारे आबा खांद्यावर बॉक्स घेऊन ऑफिसात आले. मुलाच्या लग्नात आहेरात आला होता. बॉक्स पहिल्या मालकाच्या नावावर आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हा तो आता मुलाच्या नावावर करून द्यावा. सातबाऱ्यावर लावतात तसं नाव लावा, म्हणाले. सुकन्या हसली, आबा, याला फेरफार लागत नाही म्हणाली. आबा हसले नाहीत. उद्या मूळ मालकानं मागितला तर काय दाखवू, असं विचारून ते बाकावर बसले ते उठेनात. शेवटी तिनं वॉरंटीची नवी नोंद केली, मुलाचं नाव घातलं आणि जुन्या चिकटपट्टीवर आपल्या हातानं लिहिलेली नवी पट्टी लावून दिली. जुनी नोंद रद्द करायची सोय त्या फॉर्मात नव्हती. आबांनी पट्टीवरून बोट फिरवलं, नाव वाचलं, बॉक्सला हात लावून तो हात कपाळाला लावला. तो चेहरा बघून तिला बरं वाटलं होतं, हे खोटं नाही. दिवसाकाठी कुणाचंतरी नीट झालं असं वाटायला असा एखादा चेहरा पुरतो. मग गावोगाव झालं की बारामतीच्या त्या ताई नाव लावून देतात. लोक लग्नपत्रिका पुरावा म्हणून आणू लागले. एकानं तर पोलीसपाटलाचा दाखला आणला. आणि दर नव्या नोंदीला कंपनीच्या संगणकात एक बॉक्स नव्यानं विकला जाऊ लागला. दुसऱ्या महिन्यात हे तिच्या लक्षात आलं. तिनं रणजितसरांना दाखवलं. ते पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, चांगलंय की. करा म्हणाले नाहीत. करू नका, असंही नाही. ती जागेवर येऊन बसली आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

आता ती उठली. आईनं मागं बघितलं, कुठं निघालीस असं डोळ्यांनी विचारलं, तिनं पाण्याची खूण केली. आहेराच्या टेबलाशी रंगूबाई मावशी वही धरून बसल्या होत्या. आईची थोरली बहीण, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कुणाचा हंडा किती जाड आहे ते टिचकी मारून बघणाऱ्या. टेबलाखाली बॉक्स एकावर एक रचले होते. सहावा नुकताच येऊन टेकला होता. सुकन्या साडी सावरून खाली बसली आणि वरच्या बॉक्सची चिकटपट्टी बघितली. पट्टीवर पट्टी होती. तिनं नखानं कड उचलली. वरती शेळगावचं नाव, खाली निमगावचं, त्याच्या खाली पिंपळीचं, सगळ्यांत तळाशी ठिबकच्या दुकानातली पहिली नोंद. चार नावं, वरची तिन्ही तिच्या अक्षरात. आणि कंपनीचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं, कुठं सुरकुतीसुद्धा नाही. हे तिला ठाऊक नव्हतं. लोक नाव लावून घेतात हे ठाऊक होतं. पण तिनं धरलं होतं की घरोघरी मुलं खेळत असतील, टीव्हीपुढं आरडाओरडा होत असेल, आया रागावत असतील. एक बॉक्स चारदा मोजला तरी चार घरी तो चालला तरी असेल, असं काहीतरी अंधुक, उबदार चित्र तिनं स्वतःसाठी करून ठेवलं होतं.

‘मावशी, खेळतं का न्हाई कुणी ह्याच्यावर?’ तिनं विचारलं.

‘खेळायला फोडावा लागंल की गं. फोडल्यावर आहेर ऱ्हातुय का त्यो?’ रंगूबाईंनी वहीतून मानही वर केली नाही. ‘आमच्यात दोन आलं, दोन दिलं. फिटंफाट. आन तूच नाव लावून देतीस की समद्यांस्नी, मलाच काय इचारती?’

शेजारच्या बायका हसल्या. एकीनं सांगितलं की तिच्या जावेनं फोडला तर सासूनं आठ दिवस अबोला धरला. सुकन्याही हसली, हसल्यासारखे ओठ झाले. तिच्या डोक्यात त्याच वेळी आकडे आपापल्या जागी जाऊन बसत होते, शाळेची घंटा झाल्यावर पोरं रांगेत जातात तसे. चारशे फुकट वाटलेले. नाव बदललेल्या नोंदी एकशे नव्वद. सगळे मिळून वर्षभरात पुण्याला गेलेले सहाशे तेरा. आपणहून दुकानात येऊन, पसंत करून, खेळायला म्हणून ज्यांनी बॉक्स नेला असे तेवीस. दोन तालुक्यांत तेवीस माणसं. आणि घड्याळात बारा पन्नास झाले होते.

घड्याळाकडं बघायचं कारण अविराज होता. तिचा धाकटा भाऊ, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. पाच वर्षं कंत्राटावर घासला, गेल्या वर्षी कायम झाला. त्या दिवशी प्रयागबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि विठोबासमोर बसून रडून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी गेमच्या कंपनीचं पत्रक आलं. गुळगुळीत कागद, हिरवा वर चढत गेलेला आलेख, आणि खाली ठळक: बारामती–इंदापूर, सहाशे तेरा. ग्रामीण भागातला सर्वांत मोठा प्रतिसाद. म्हणून इंदापुरात कंपनी गेमघर काढणार, मुलांनी येऊन खेळायची जागा, ती चालवायला स्थानिक तरुण हवा, अट एवढीच की दुसरी नोकरी नसावी. आपलाच आकडा इस्त्रीचे कपडे घालून आपल्या दारात पाव्हणा म्हणून आला, असं तिला ते पत्रक बघून वाटलं होतं, आणि तिनं त्याला पाणी दिलं होतं. ते पत्रक तिनंच घरी नेलं. अविराजनं ते तीनदा वाचलं. त्याची बायको रेश्मा कायमची नोकरी सोडायला नको म्हणत होती, तिला सातवा महिना होता. तो म्हणाला, आक्का त्याच कंपनीत आहे, तिला आतलं ठाऊक नाही का. सगळ्यांनी सुकन्याकडं बघितलं. तिनं काय केलं होतं? ती म्हणाली, आकडा तर मोठा आहे बाबा. एवढंच. खोटं नव्हतं. आकडा मोठा होताच. आणि आज अविराज लग्नाला आला नव्हता, पहिल्या पाळीला गेला होता, कारण आज तो राजीनामा देणार होता. उद्या पुण्याची माणसं जागा पक्की करायला येणार, त्याआधी हातात सुटल्याचा कागद हवा.

तिनं फोन लावला. बंद. कामगारांचे फोन गेटवरच्या पेटीत जमा होतात, हे तिला माहीत होतं, तरी तिनं पुन्हा लावला. तेवढ्यात ताशा वाजला, नवरदेव आला, माणसं उठली, आणि ती गर्दीबरोबर पुढं ढकलली गेली. अंतरपाट धरला गेला. निघून जावं का? चुलत का असेना, बहीण होती. छकुलीनं तिच्या कडेवर बसून बोरं खाल्ली होती. अक्षता टाकल्याशिवाय मांडव सोडायचा नसतो. आणि भटजी थांबले की कुणीतरी मामा पुढं सरसावायचे, स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचे, त्यात दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांची नावं. पाच झाली. सहा झाली. सावधान म्हटलं की तिला वाटायचं आपल्याला एकटीलाच कुणीतरी बजावतंय. मूठ उघडली तर अक्षतांचा लगदा झाला होता, तळव्यावर पिवळा डाग. शेवटच्या सावधानला तिनं तो लगदा फेकला. तो पुढच्या बाईच्या अंबाड्यावर जाऊन चिकटला. वाजंत्री कडाडली. आईच्या कानाशी वाकून, अवीकडं जाऊन येते, जेवणाला थांबू नका, एवढं सांगून ती बाहेर पडली. आई काहीतरी म्हणाली, ते ताशात बुडालं.

हायवेला वडापची जीप मिळाली. भर उन्हात, भरजरी साडीत, दोन दुधाच्या कॅनमध्ये आणि एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यात ती अडकून बसली. ड्रायव्हर अजून दोन शिटा मिळेपर्यंत हलेना. तिचा जीव घड्याळात. दीड. जीप हलली तेव्हा उजनीकडून येणारा वाराही भट्टीसारखाच होता. म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती, डुलकी लागून त्याची मान तिच्या खांद्यावर येत होती, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं, बहुधा नामच. त्या पुटपुटण्यानं तिला वडील आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा, इतके दिवस बाजूला सारलेले वडील समोर येऊन बसले. महिपतीआबा. शेळगावच्या हरिनाम सप्ताहात हातात टाळ घेऊन महाराजांच्या मागं उभे राहायचे. टाळ वाजवताना त्यांचे डोळे मिटायचे आणि चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. ती बारा वर्षांची असताना इंदापूरच्या एका हौशी दुकानदारानं जाहीर केलं की काल्याच्या कीर्तनाला येईल त्याला स्टीलचा डबा. चार हजार डबे संपले. आबांनी सप्ताहाच्या वहीत लिहिलं, श्रोते चार हजार. त्या चार हजारांच्या भरवशावर पुढच्या साली थोरल्या महाराजांना बोलावणं केलं, मांडव शिवेपर्यंत घातला. त्या साली डबा नव्हता. साठ माणसं आली. रिकाम्या मांडवात वारा शिरून कापड फडफडत होतं, आबांचा चेहरा काळवंडला होता. महाराज उभे राहिले. त्यांनी उपरणं सावरलं, त्या साठांना हात जोडले, आणि चार हजारांपुढं लावावा तसाच वरचा सूर लावला. काय कीर्तन झालं ते! मृदंगाची थाप जमिनीतून पायात चढत होती, चरण एकेकाच्या जवळ जाऊन त्याला विचारल्यासारखे म्हटले जात होते, आणि सुकन्याला वाटत होतं की हे फक्त माझ्यासाठी म्हणताहेत. नंतर कळलं, साठही जणांना तसंच वाटलं होतं. कीर्तन उतरल्यावर आबा पायांवर पडले, महाराज, मी चुकीचं कळवलं म्हणाले. महाराजांनी त्यांना उठवून घेतलं आणि हसले. ‘महिपतराव, गेल्या साली डबं चार हजार आलं हुतं. माणसं तवाबी साठच हुती.’ त्यानंतर आबा दर सप्ताहाला गजराच्या वेळी स्वतः मोजायचे. डोकी नाही मोजायचे. हलणारे ओठ मोजायचे.

ही गोष्ट ती विसरली होती का? नाही. एक तारखेला आकडा पाठवताना बटणावर तिचं बोट थांबलं होतं, दोन श्वासांपुरतं, आणि त्या दोन श्वासांत मांडवाचं कापड फडफडलं होतं. तिला ते ऐकू आलं होतं. मग तिनं बटण दाबलं, कारण रणजितसर लवकरच बदलीवर पुण्याला जाणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर तिचं नाव सुचवलं गेलं होतं. इतकं साधं होतं ते. रकाना नव्हता म्हणून नाही, कुणी विचारलं नाही म्हणून नाही. जीपच्या पत्र्याला डोकं आपटलं आणि ते तिला इतकं स्वच्छ कळलं की तिनं कपाळ चोळलंसुद्धा नाही.

लोणी देवकरच्या फाट्यावर उतरून ती चालत कारखान्याच्या गेटपर्यंत आली तेव्हा सव्वादोन झाले होते. गेटवरच्या रखवालदारानं तिची जरीची साडी खालपासून वरपर्यंत बघितली, पाळी सुटायला पाऊण तास आहे, बसा म्हणाला. आत निरोप फक्त घरी काही बरंवाईट झालं तरच जातो. झालंय का काही? सुकन्या म्हणाली, झालंय. त्यानं फोन उचलला. पाच मिनिटांत अविराज पळत आला. निळा गणवेश, हाताला तेल, तोंडावरचं रक्त उतरलेलं.

‘आईला काय झालं?’

‘आई बरी हाय. लग्नात हाय.’

‘रेश्मा?’

‘सगळी बरी हायती. अवी, कागद दिलास का तू?’

तो गजाला धरून वाकला, दम घेतला. मग भीती उतरली त्या जागी राग चढला. एवढ्यासाठी लाइनीवरून बोलावलंस होय, असं म्हणून त्यानं रखवालदाराकडं बघितलं. कागद सकाळी दहालाच दिला होता. साहेब तीनला बसतात, तेव्हा सही होणार. रेश्मानं फोन करून रडगाणं लावलं का, असं त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वळला.

‘परत घे त्यो,’ ती म्हणाली. ‘सहाशे तेरा न्हाईत.’

‘मग किती हायती? पाचशे धर. पाचशेवर बी चालतंय गेमघर, मी हिशेब केलाय.’

‘तेवीस.’

तो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला. ‘छापलंय आक्का ते. पुण्यास्नं आलंय कंपनीचं.’

‘पुण्याला माझ्याकडनंच गेलंय.’

आत कुठंतरी मशीन धाडकन खाली आदळत होतं आणि वर जात होतं. तिनं भराभर सांगितलं. ठिबकचे चारशे, आहेर, चिकटपट्ट्या, एकेक बॉक्स चारदा. त्यांतल्या बहुतेकांनी ते प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही. तो ऐकत होता की तिच्या ओठांकडं नुसता बघत होता ते कळत नव्हतं. गजावर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे उमटले होते.

‘तुला ठावं हुतं?’

वाटभर ती याच प्रश्नाची तयारी करत आली होती. सगळं नव्हतं माहीत, फॉर्मात रकाना एकच, सर म्हणाले, लोक हट्ट धरून बसायचे. ही सगळी वाक्यं होती तिच्याकडं, एकालाही खोटं म्हणता आलं नसतं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘पत्रक घेऊन घरी आले तवाबी.’

अविराजनं मान हलवली, दुकानदारानं सांगितलेला भाव ऐकून हलवावी तशी. ओरडला असता, काही टाकून बोलला असता, तर बरं झालं असतं. तो वळला आणि आत गेला. आधी चालत, मग शेडच्या कोपऱ्यापासून पळत. तीनला वीस मिनिटं कमी होती.

रखवालदारानं तिला आपल्या चौकीच्या सावलीत उभं राहायला सांगितलं. तिला घशाला कोरड पडली होती, पण त्याच्या माठाचं पाणी मागवेना. ती मनात रस्ता चालत होती: शेड संपली असेल, जिना असेल, काचेचं दार, साहेब जेवून परत आले असतील, पेन उचललं असेल. सही करायला किती वेळ लागतो? तिच्या बोटाला दोन श्वास लागले होते. तेवढ्यात फोन वाजला. अवीचा असेल म्हणून तिनं न बघताच कानाला लावला. रणजितसर होते. लग्न कसं चाललंय असं विचारून ते कामाकडं वळले. उद्या अकराला पुण्याची मंडळी येतील, त्यांना खेळणाऱ्या गिऱ्हाइकांची चार घरं दाखवायची आहेत, तर दोनएकशे नावांची यादी आज तयार असावी.

‘सर, यादी तेवीस जणांची होईल,’ ती म्हणाली. ‘मी उद्या त्यांना तेवीसच सांगणार आहे.’

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते बोलले, आवाज तसाच, मऊ. ‘सुकन्याताई, दर महिन्याचा आकडा तुमच्या नावानं गेलाय. माझ्या नाही. एवढं लक्षात ठेवून काय ते बोला.’

‘ते लक्षात आहे सर.’

त्यांनी जेवून घ्या म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. आता ती खुर्ची गेली, आणि बहुतेक ही जागाही. सात वर्षं. तिनं वाट बघितली की पुन्हा ती पायरी चुकेल. चुकली नाही. पाय जमिनीवर होते, जमीन भाजत होती, चपलेचा एक अंगठा उसवला होता. तिला फक्त त्या काचेच्या दारामागं काय चाललंय ते हवं होतं.

तीनचा भोंगा झाला. गेट उघडलं आणि निळ्या गणवेशांचा लोंढा बाहेर आला. डबे, हेल्मेटं, थट्टा, कुणाला तरी वाढदिवसाची पार्टी मागणं. ती एकेक चेहरा बघत राहिली. तिच्या साडीकडं बघून कुणीतरी, वरात चुकली वाटतं, म्हणालं. गाड्या सुरू झाल्या, धूळ उठली, बसली. दुसऱ्या पाळीची माणसं आत गेली. रखवालदारानं अर्धं गेट लोटलं. तीन वीस. सव्वातीनपर्यंत आला नाही म्हणजे सही झाली, असं तिनं मनाशी ठरवलं होतं; मग साडेतीनपर्यंत मुदत वाढवून दिली.

तो गाडी ढकलतच बाहेर आला. गेटच्या बाहेर येऊन उभा राहिला. डोळे लाल होते, तोंड धुतल्यासारखं ओलं. त्यानं खिशातून चौघड्या केलेला कागद काढला, तिला दिसेल असा धरला, फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे खिशातच ठेवले.

‘साहेब म्हनलं, घरच्यांस्नी इचारून करत जा आधी.’ तो तिच्याकडं न बघता बोलला. ‘मी म्हनलं, इचारलं हुतं.’

त्यानं गाडीवर बसून किक मारली, दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली. तो बस म्हणाला नाही. निघूनही गेला नाही. हायवेवरून एक ट्रेलर गडगडत गेला.

‘जेवलीस का?’

‘न्हाई.’

तो टाकीकडं वीतभर पुढं सरकला. सुकन्यानं साडीचा घोळ गोळा केला आणि मागं बसली. नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर ठेवायला तिचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं तो मागच्या लोखंडी दांडीवर ठेवला. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीची दांडी चटका देत होती. गाडी फाट्याकडं वळली तरी तिनं ती सोडली नाही.